जँगो शिकवताना पोरांच्या हातात पहिला प्रोजेक्ट कसा द्यावा? (आंब्याच्या पेट्यांची वही)

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर चिपळूण-गुहागर भागातल्या डिप्लोमा आणि बीएस्सीच्या मुलांसाठी शनिवार-रविवार जँगोचा (पायथनमध्ये वेबसाइट बांधायची तयार चौकट) वर्ग घेतोय. पायथन त्यांना जेमतेम येतं. फंक्शन, लिस्ट, डिक्शनरी, फार तर क्लास. वेबचा अनुभव म्हणजे एचटीएमएलची दोन-चार पानं. यांच्या हातात पहिल्या दिवशी कोरी फाइल द्यायची नाही, एक चालू प्रोजेक्ट द्यायचा असं ठरवलंय. आराखडा खाली देतो, बिनधास्त चिरफाड करा.

विषय आहे आंब्याच्या पेट्यांची वही. निम्म्या मुलांच्या घरी नाहीतर शेजारी कलमं आहेत. मार्च ते मे घरात एक वही फिरत असते. पुण्याला कोणाला पाच डझनी दोन पेट्या गेल्या, पैसे आले की उधारी आहे, टेम्पोने पाठवल्या की एसटी पार्सलने. मुलांनी ही वही लहानपणापासून पाहिली आहे. त्यामुळे ग्राहक आणि मागणी ही दोन टेबलं वेगळी का, हे सांगायला फार तोंड वाजवावं लागत नाही. एकाच काकांचा पत्ता प्रत्येक पानावर परत लिहायचा कंटाळा त्यांनी स्वतः केलेला असतो.

जँगोच्या अधिकृत शिकवणीत मतदानाचं ॲप आहे, प्रश्न आणि त्याचे पर्याय. आठ भागांत उत्तम लिहिलंय. पण मुलं ते बघून बघून टाइप करतात आणि मोकळी होतात. त्यात पुढे काय हवं हे त्यांना सुचत नाही, कारण तसलं मतदान त्यांना कधी घ्यायचंच नसतं. वहीत काय कमी आहे हे मात्र घरातली आजीसुद्धा सांगेल.

माझा नियम एकच. जी ओळ मुलाला पहिल्या महिन्यात समजावता येणार नाही ती प्रोजेक्टमध्ये नको. म्हणून डॉकर (ॲप सगळ्या साहित्यासकट डब्यात बंद करून चालवायचं साधन) नाही, नोड आणि रिॲक्ट ही जावास्क्रिप्टची साधनंही नाहीत. डेटाबेस एसक्यूलाइट, कारण ती एक फाइल आहे आणि पायथनबरोबरच येते. नोंदी भरायच्या जँगोच्या ॲडमिनमधून, ती पानं आयती मिळतात. स्वतः बनवलेलं पान एकच, 'आज पाठवायच्या पेट्या'.

काही गोष्टी मुद्दाम अर्धवट ठेवल्यात. ग्राहकाच्या मॉडेलला (टेबलाचं वर्णन करणारा क्लास) स्ट्र मेथड, म्हणजे नोंद कोणत्या नावाने दाखवायची ते सांगणारं फंक्शन, दिलेली नाही, त्यामुळे ॲडमिनच्या यादीत 'कस्टमर ऑब्जेक्ट (१)', 'कस्टमर ऑब्जेक्ट (२)' असं दिसतं. कोण कुठला, पत्ताच लागत नाही. मुलाने दोन ओळी लिहून पान रिफ्रेश केलं की तिथे नावं येतात. पहिल्या अर्ध्या तासात हे घडलं पाहिजे. दुसरी गंमत अशी की मॉडेलचं नाव मराठीत 'मागणी' दिलं की ॲडमिन अनेकवचन करताना त्याच्या शेपटीला सरळ इंग्रजी एस चिकटवतो. ते बघून पोरं हसणार आणि मग आपणच व्हर्बोज नेम प्लुरल ही अनेकवचन ठरवणारी सेटिंग शोधून काढणार.

विषय बरोबर वाटतो का? आणि मी वगळलेल्यात असं काही आहे का जे हवंच होतं?

मुंबईकर_चाकरमानी | शनिवार, रात्री ११:०२

सर, मी मूळचा दापोलीचा, मुंबईत डेव्हऑप्समध्ये आहे. कल्पना आवडली पण डॉकर नाही, पोस्टग्रेससारखा मोठा डेटाबेस नाही हे पटलं नाही. कंपनीत नवीन मुलं येतात तेव्हा यातलं काहीच ठाऊक नसतं आणि सुरुवातीचे कित्येक दिवस त्यातच जातात. कुकीकटर जँगो नावाचा तयार साचा आहे. काही प्रश्न विचारतो आणि डॉकर, सेलरी, ईमेल, टेस्ट, लिंटर सगळं मांडून देतो. पहिल्यापासून खऱ्या कामासारखा सांगाडा दिला तर सवय नाही का लागणार?

वाशिष्ठीकाठ

साचा चांगलाच आहे, पण तो अशा माणसासाठी आहे ज्याने हे सगळं एकदा हाताने केलंय आणि आता परत करायचा कंटाळा आलाय. माझ्या वर्गात तो उघडला तर पहिला प्रश्न येईल, "सर, यातली माझी फाइल कुठली?" साधं स्टार्टप्रोजेक्ट (नवा प्रोजेक्ट बनवायची जँगोची कमांड) केलं तरी सहा फाइली येतात, वर स्टार्टॲप केलं की आणखी सात. त्यातल्या एएसजीआय आणि डब्ल्यूएसजीआय या दोन तर मुलं वर्षभर उघडणार नाहीत. हेच आधी जास्त आहे.

शिवाय लॅबमधल्या मशिनला चार जीबी रॅम आहे. त्यावर डॉकर डेस्कटॉप, एडिटर आणि क्रोम एकत्र चालवून दाखवा, मी धागा मागे घेतो :)

जुना_पीएचपीवाला | रविवार, सकाळी ७:३०

सकाळी सकाळी चांगला विषय. मी लाराव्हेलवाला (पीएचपीतली अशीच चौकट), पण भांडायला आलेलो नाही. उलट तुमच्या बाजूने एक साक्ष देतो. लाराव्हेलची अकरावी आवृत्ती मार्च २०२४ मध्ये आली तेव्हा त्यांनी नव्या प्रोजेक्टमधल्या फाइलींची मोठी छाटणी केली आणि डिफॉल्ट डेटाबेस एसक्यूलाइट केला. इतकी वर्षं 'असू दे, कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेलं बरंच काही त्यांनाच जड झालं असावं. रिॲक्टकडे बघा. क्रिएट रिॲक्ट ॲप या तयार सांगाड्यावर एक पिढी शिकली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते त्यांनीच मोडीत काढलं. त्या काळातल्या शिकवण्या आता उघडल्या तर पहिलीच कमांड जुनी निघते. सुरुवातीच्या प्रोजेक्टला बाहेरच्या जितक्या गोष्टी कमी जोडल्यात तितका तो जास्त टिकतो.

एक मत, रागावू नका. रेल्सवाल्यांनी (रुबी भाषेतली चौकट) २००५ च्या सुमारास पंधरा मिनिटांत ब्लॉग बांधून दाखवला, तेव्हापासून सगळ्यांनाच तसल्या प्रात्यक्षिकाचा मोह पडतो. आम्ही तो व्हिडिओ बघून वेडे झालो, कारण आम्ही आधी तेच काम महिनाभर हाताने केलेलं होतं. नवख्याला त्यात काय विशेष ते कळतच नाही. त्याला वाटतं संगणक असंच करत असेल.

फ्लास्क, पायथनचीच छोटी चौकट, का नको पण? एका फाइलीत अख्खं ॲप मावतं.

वाशिष्ठीकाठ

फ्लास्कचा विचार केला होता. एका फाइलीचा मोह मलाही आहे. पण मग नोंद भरायचा फॉर्म, यादी, शोध, लॉगिन हे सगळं दुसऱ्या आठवड्यातच लिहावं लागतं आणि चालू वही हातात यायला शिमगा उजाडतो. जँगो जन्मलं तेच कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत, २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. बातमीदार-संपादकांना रोज मजकूर भरता यावा म्हणून त्याचा ॲडमिन आहे. माझं गिऱ्हाईकही तेच: रोज नोंदी भरणारा माणूस.

माडाखालचो | रविवार, सकाळी ८:१५

मी कुडाळसून लिवतंय. इशय बरो आसा, पण आमच्याहंय आंब्यावांगडा होमस्टेचो धंदो पण मोठो. तारकर्ली-देवबागाक किती घरांनी खोलये भाड्यान दितत. पोरांका थंयच्या बुकिंगाचा ॲप करूक सांगा, उद्या गिऱ्हाईक पण गावतला.

वाशिष्ठीकाठ

गिऱ्हाईक गावतला हे शंभर टक्के खरं :) पण बुकिंगमध्ये पहिल्याच दिवशी तारखा एकमेकींवर चढतात. एक पाहुणा शुक्रवार ते रविवार, दुसरा शनिवार ते सोमवार. नव्याची सुरुवात जुन्याच्या शेवटाआधी आणि नव्याचा शेवट जुन्याच्या सुरुवातीनंतर असेल तर नाकारायचं, ही अट कागदावर पटते पण लिहिताना मोठी माणसंही अडखळतात. दुसऱ्या प्रोजेक्टसाठी राखून ठेवतो.

सुरंगी | रविवार, दुपारी १२:४०

रत्नागिरीहून. मी रोज जँगोवरच काम करते, म्हणून जरा लांब लिहिते, सांभाळून घ्या.

सर, तुमचा नियम मला अर्धा वाटतो. अर्धवट ठेवायच्या गोष्टींची निवड तुम्ही फार छान केली आहे, पण ती का छान आहे ते नियमात आलेलं नाही. स्ट्र मेथड नसली की ते पडद्यावर दिसतं. अनेकवचनाचा एस दिसतो. जी उणीव दिसते ती खुशाल ठेवा, मूल स्वतः भरेल. जी दिसत नाही ती मात्र पहिल्या दिवसापासून भरलेली हवी, मग ती ओळ त्याला तेव्हा कळो न कळो.

आता या चाळणीतून तुमचा आराखडा काढून बघा.

पेटीचा भाव कुठे ठेवलाय? बहुतेक मुलं पेटीच्या प्रकाराचं टेबल करतात, चार डझनी, पाच डझनी, आणि भाव तिथेच लिहितात. मागणीची रक्कम तिथून गुणून काढतात. मार्चमध्ये सगळं बरोबर दिसतं. मे उजाडला, आवक वाढली, भाव उतरला. टेबलात नवा भाव टाकला की मार्चमधल्या सगळ्या मागण्यांची रक्कमही आपोआप उतरते. ज्याने पैसे चुकते केले त्यालाच उलट आपलं देणं निघतं! एररही येत नाही. भाव मागणीच्या ओळीतच, त्या दिवसाचा, लिहून ठेवायला हवा. आणि तो फ्लोटमध्ये (दशांश अंदाजे ठेवणारा प्रकार) नको, डेसिमलमध्ये (दशांश नेमका ठेवणारा).

ग्राहक खोडला तर त्याच्या मागण्यांचं काय? फॉरेन की (मागणी कोणत्या ग्राहकाची ते जोडणारा रकाना) लिहिताना जँगो ऑन डिलीट, म्हणजे मूळ नोंद खोडली तर काय करायचं, ते विचारतं आणि नेटवरच्या बहुतेक उदाहरणांत कॅस्केड (जोडलेलंही खोड) असतं, म्हणून मुलंही तेच चिकटवतात. मग एक ग्राहक खोडला की त्याच्या नावची उधारीही गेली. ॲडमिन आधी 'हे हे खोडलं जाईल' अशी यादी दाखवतो, पण ती वाचतो कोण? इथे प्रोटेक्ट हवं, म्हणजे मागण्या असतील तर ग्राहक खोडताच येत नाही.

टाइम झोन. स्टार्टप्रोजेक्ट यूटीसी लिहून देतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची वेळ. पहाटे चारला टेम्पो भरताना केलेली नोंद आदल्या दिवशी रात्री साडेदहाची दिसते आणि तुमचं 'आज पाठवायच्या पेट्या' हे पान नेमकं पहाटेच चुकतं. दुपारी वर्गात तपासलं तर तारीख बरोबरच येणार, म्हणून ही चूक सापडत नाही. सेटिंगमध्ये एशिया-कोलकाता करून द्या आणि 'आज' काढायला जँगोचं लोकलडेट वापरा.

सीक्रेट की, म्हणजे लॉगिन वगैरे सुरक्षित ठेवणारी प्रोजेक्टची गुप्त किल्ली. तुम्ही एकच प्रोजेक्ट सगळ्यांना झिप करून वाटणार असाल तर तीस मुलांची किल्ली एकच. त्याऐवजी प्रोजेक्टचा साचा करा आणि स्टार्टप्रोजेक्टला टेम्प्लेट म्हणून त्या झिपचा पत्ता द्या. मग जँगो प्रत्येकाला वेगळी किल्ली घालून देतं. तो साचा भरताना जँगो फक्त पायथनच्या फाइलींना हात लावतं, एचटीएमएलमधले दुहेरी महिरपी कंस तसेच राहतात. ती काळजी नको.

आणि शेवटचं, ज्यावर तुम्ही नाही म्हणणार याची खात्री आहे: स्वतःचं युजर मॉडेल, म्हणजे लॉगिन करणाऱ्यांचं टेबल. ॲब्स्ट्रॅक्टयुजर या जँगोच्या तयार क्लासवरून एक रिकामा क्लास आणि सेटिंगमध्ये एक ओळ. नव्या प्रोजेक्टला हे सुरुवातीलाच करा, कारण मायग्रेशन (मॉडेलवरून डेटाबेसात टेबलं बनवणं) झाल्यावर बदलणं फार किचकट होतं, हे जँगोच्या दस्तऐवजातच लिहिलंय.

वाशिष्ठीकाठ

सुरंगीताई, 'दिसणारी उणीव' हे चपखल आहे. भाव, प्रोटेक्ट, टाइम झोन, साचा, चारही घेतले. साच्याची युक्ती तर फारच आवडली.

युजर मॉडेलवर मात्र खरंच नाही म्हणतो. वही एका घरातली आहे. लॉगिन एकच, तेही ॲडमिनचं. रिकामा क्लास बघून मुलगा विचारणार, "यात तर काहीच नाही, मग कशाला?" याला माझ्याकडे 'पुढे लागेल' एवढंच उत्तर आहे. 'पुढे लागेल' म्हणून ठेवलेल्या गोष्टींनीच सांगाडे फुगतात, वर पीएचपीवाल्यांनी सांगितलंय तसे. आणि हा शिकायचा प्रोजेक्ट आहे, वर्ग संपला की टाकून द्यायचा.

रातांबा | रविवार, दुपारी ३:०५

सर, मी गेल्या वर्षी असाच एक वर्ग केला होता (दुसरीकडे). टाकून द्यायचा म्हणता, पण आमच्या घरी बाबा अजून तोच वापरतात. यंदा काका पण त्यात नोंदी करायला लागले आणि आता दोघांचं भांडण चालतं की ही नोंद कोणी केली. दोघं एकाच लॉगिनने भरतात. त्यांना फोन नंबरने लॉगिन पाहिजे, कारण युजरनेम लक्षात राहत नाही. ते करायला गेले तर तेच युजर मॉडेलवालं प्रकरण निघालं. सगळ्यांनी सांगितलं डेटाबेस नवीन कर. पण त्यात दोन वर्षांची उधारी आहे!

सुरंगी

मला आता वेगळं काही लिहायला नको :)

वाशिष्ठीकाठ

रातांबा, साक्षीदार म्हणून तू ताईंची वकिली जिंकून दिलीस. विषय घरातला निवडला की तो प्रोजेक्ट घरात राहणारच, हा त्याचाच भाग झाला. रिकामा क्लास घेतो. वर एका ओळीची टीप टाकतो: 'फोन नंबरने लॉगिन हवं झालं तर इथे.' आता त्याला पोरांपुढे सांगण्यासारखं कारण आहे.

(तुझ्यापुरतं: डेटाबेस टाकू नकोस. ग्राहक आणि मागण्या डम्पडेटा कमांडने जेसन फाइलीत काढ, नवा प्रोजेक्ट योग्य युजर मॉडेलने उभा कर, मग लोडडेटाने परत भर. युजर दोनच आहेत ते हाताने बनव. आधी मूळ फाइलीची प्रत दुसऱ्या जागी ठेव.)

मुंबईकर_चाकरमानी | रविवार, संध्याकाळी ५:२०

डॉकरचा हट्ट सोडला. पण न दिसणाऱ्या गोष्टींत एक माझीही धरा: गिटइग्नोर, म्हणजे कोणत्या फाइली गिटमध्ये घ्यायच्या नाहीत त्याची यादी. पोरं शिकली की पहिल्यांदा गिटहबवर टाकतात, आणि एसक्यूलाइटची फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच असते. म्हणजे आजोबांच्या सगळ्या गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, फोन नंबर जगाला खुले. नंतर फाइल खोडली तरी जुन्या कमिटमध्ये ती राहतेच. साच्यात गिटइग्नोर तयारच द्या आणि सरावासाठी खोट्या ग्राहकांची फिक्स्चर (आयत्या नोंदींची) फाइल द्या.

फुकट होस्टिंगबद्दलही मुलं विचारतील. हरोकूची फुकट योजना नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाली, पण जुने लेख अजून तिकडेच पाठवतात. बऱ्याच फुकट जागांवर डिस्क टिकाऊ नसते, सर्व्हर परत सुरू झाला की एसक्यूलाइटची फाइल कोरी. यांच्यासाठी पायथनएनीव्हेअर बरं, तिथे फाइल जागेवर राहते.

तांडेल | रविवार, रात्री ८:४५

मी प्रोग्रामर नाही, मुलगा आहे. त्याच्यामुळे हे वाचतोय. एक सुचवू का? आमच्याकडे जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पुनवेला आणि अवसेला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. सुकती त्यानंतर सहा तासांनी. हे पोरांना करायला सोपं जाईल असं वाटतं.

सुरंगी

तांडेलकाका, हे सोनं आहे! यात डेटाबेस नाही, लॉगिन नाही. एक आकडा आत, एक वेळ बाहेर. आणि याच्यात एक चूक लपलेली आहे जी पोरं हमखास करणार: पंधराची पाऊणपट ११.२५, आणि ते छापणार अकरा वाजून पंचवीस मिनिटं. काकांचा सव्वाअकरा त्यांना लगेच पकडेल.

वाशिष्ठीकाठ | रविवार, रात्री ९:३०

काका, पहिला तास तुमचा. वही दुसऱ्या तासापासून.

डोक्यात असं आलंय: यूआरएलमध्ये तिथी, व्ह्यूमध्ये (आलेल्या पत्त्याला उत्तर देणारं फंक्शन) ती उचलायची, एका साध्या फंक्शनला द्यायची, आलेली वेळ टेम्प्लेटमध्ये दाखवायची. वेबची अख्खी फेरी एका पानात होते आणि मॉडेल, मायग्रेशन हे शब्दही उच्चारावे लागत नाहीत. दशांशाचा घोळ झाल्यावर मग सांगायचं की तासांत मोजूच नका. तिथी गुणिले पंचेचाळीस, ही झाली मिनिटं, त्याला साठने भागा, भागाकार तास आणि बाकी मिनिटं. पहिली टेस्टही तीच लिहायची: पंधरा दिले की ११:१५ आलं पाहिजे. आजवर मी टेस्ट शेवटच्या आठवड्यात शिकवायचो आणि तोवर कोणाला उत्साह उरायचा नाही. इथे उत्तर आधीच माहीत असल्यामुळे टेस्ट म्हणजे काय हे सांगावंच लागणार नाही.

शून्य तास पंचेचाळीस मिनिटं हे प्रतिपदेचं उत्तर 'पाऊण' कसं दाखवायचं, सोळावी तिथी दिली तर काय करायचं, हे पोरांवर सोडतो. दोन्ही पडद्यावर दिसतात, ताईंच्या नियमात बसतात. आणखी एक मजा: यूआरएलमध्ये कोणी देवनागरी ४ टाइप केला तर चारशे चारचं ('सापडलं नाही') पान येतं, कारण पत्त्यातला आकडा वाचणारा जँगोचा इंट कन्व्हर्टर फक्त इंग्रजी आकडे ओळखतो. पायथनच्या स्वतःच्या इंटला मात्र देवनागरी ४ बिनतक्रार चालतो. चौकस पोरं यावर तासभर घालवतील.

पानाच्या तळाशी ठळक लिहिणार की हा अंदाज आहे. होडी काढायची तर सर्व्हे ऑफ इंडियाची कोष्टकं बघा.

तांडेल

ते लिहाच. पाऊणपटीवर जाळं टाकतात, बोट नाही.

जुना_पीएचपीवाला | सोमवार, सकाळी ७:१०

देवनागरीचा विषय निघालाच आहे तर, मुलं ग्राहकाच्या पानाला सुंदर यूआरएल द्यायला जातील आणि स्लग (नावावरून बनवलेला पत्त्याचा तुकडा) बनवतील. तिथे काय होतं?

सुरंगी

वाट लागते. जँगोच्या स्लगिफायला नुसतं 'हापूस' दिलं तर उत्तर रिकामं येतं, कारण तो सगळं रोमनबाहेरचं गाळतो. अलाव युनिकोड (रोमनेतर अक्षरं चालू द्यायचा पर्याय) चालू केलं तर 'हपस' येतं. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये काना, उकार, वेलांटी ही अक्षरं म्हणून धरली जात नाहीत, त्यामुळे सगळे गळून पडतात. म्हणजे 'पाटील' आणि 'पटेल' या दोघांचा स्लग 'पटल'. वर यूआरएलचा स्लग कन्व्हर्टरही फक्त रोमनच घेतो. पहिल्या प्रोजेक्टमध्ये स्लग आणूच नये. ग्राहकाचा क्रमांक वापरावा, ग्राहक ७ चं पान. बागायतदाराला त्याने काही फरक पडत नाही.

रातांबा | सोमवार, दुपारी १:१५

सर, मला सगळ्यात जास्त रडवलं ते जँगोने नाही, त्याच्या आधीच्या पायऱ्यांनी. विंडोजवर पायथन टाइप केलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडायचं. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रोजेक्टची पॅकेजं वेगळी ठेवणारं फोल्डर) चालू करायला गेले तर पॉवरशेल (विंडोजची कमांड खिडकी) लाल अक्षरांत म्हणायचं की या मशिनवर स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे. मग ते चालू न करताच रनसर्व्हर केलं तर 'नो मॉड्यूल नेम्ड जँगो'. आमच्या बॅचमधली चार मुलं तिथेच गळली. त्यांनी जँगोचं एकही पान पाहिलं नाही.

वाशिष्ठीकाठ | सोमवार, रात्री १०:००

रातांबा, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. मी चालू प्रोजेक्ट वाटायच्या गडबडीत होतो, पण तो चालू होईपर्यंतचा रस्ताही प्रोजेक्टचाच भाग आहे.

तर साच्यात 'चुका' नावाची एक साधी टेक्स्ट फाइल घालतो. पडद्यावर जो इंग्रजी संदेश येतो तो जसाच्या तसा, आणि खाली मराठीत दोन ओळी की कुठे बघायचं. तू सांगितलेल्या तिन्ही त्यात. पॉवरशेलवर मी धोरणं बदलायला लावणार नाही, साधा कमांड प्रॉम्प्ट उघडा म्हणेन, तिथे ती बंदी आडवी येत नाही. त्याखेरीज मायग्रेट विसरल्यावर येणारं 'नो सच टेबल', टेम्प्लेट चुकीच्या फोल्डरात असल्यावरचं 'टेम्प्लेट डझ नॉट एक्झिस्ट', आणि फॉर्ममध्ये सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच पानावरून आलाय याची खूण) टाकायचं राहिल्यावरचं चारशे तीन. या शेवटच्या तीन चुका वर्गात पोरांकडून मुद्दाम करून घेणार आहे. टोकनची ओळ खोडा, फॉर्म पाठवा, काय येतं ते वाचा, ओळ परत टाका. एकदा आपल्या हाताने मोडलेलं असलं की नंतर ते पिवळं पान बघून घाम फुटत नाही.

प्रोजेक्ट बनवताना कमांडच्या शेवटी टिंब द्यायचं हेही तिथेच लिहितो, नाहीतर एकाच नावाचं फोल्डर एकात एक येतं आणि मॅनेज फाइल शोधण्यात वेळ जातो.

नेटचं कोणी बोललं नाही, म्हणून मीच विचारतो. पावसात लॅबचं नेट जाऊन-येऊन असतं, दिवाळीनंतरही भरवसा नाही. एका लॅपटॉपवर पिपच्या (पायथनची पॅकेजं उतरवायचं साधन) डाउनलोड कमांडने फाइली काढून पेन ड्राइव्हवर न्याव्यात म्हणतोय. जँगोची फाइल आठेक एमबीची, बाकी किरकोळ.

मुंबईकर_चाकरमानी

कल्पना बरोबर. पण तुमचा लॅपटॉप लिनक्स असेल तर फाइली तिथे काढू नका, लॅबच्याच एखाद्या विंडोज मशिनवर काढा. विंडोजवर जँगोला टीझेडडेटा नावाचं टाइम झोनच्या माहितीचं एक जादा पॅकेज लागतं. लिनक्सवर पिप डाउनलोड केलं तर पिप म्हणतो 'मला गरज नाही' आणि ते उतरवतच नाही. मग लॅबमध्ये ऑफलाइन इन्स्टॉल तिथेच अडतं. इन्स्टॉल करताना नो इंडेक्स आणि फाइंड लिंक्स हे दोन्ही पर्याय द्या, नाहीतर पिप नेट शोधत बसतो.

सीएसएसही बाहेरून ओढू नका. बूटस्ट्रॅपची (तयार सीएसएस) सीडीएनची, म्हणजे नेटवरून ओढायची, ओळ टाकली की नेट गेल्यावर पान नागडं दिसतं. स्टॅटिक फोल्डरमध्ये आपली तीस-चाळीस ओळींची एक फाइल पुरते. देवनागरीला विंडोजचा निर्मला यूआय आहेच. आणि जँगोची कागदपत्रं एचटीएमएलच्या झिपमध्ये उतरवता येतात, तीही त्याच पेन ड्राइव्हवर टाका.

जुना_पीएचपीवाला

लॅबमध्ये विंडोज ७ आहे का ते आधी बघा. असेल तर त्यावर पायथन ३.८ च्या पुढे जाता येत नाही, म्हणजे जँगो ४.२ वरच थांबावं लागेल. ५.२ ला पायथन किमान ३.१० लागतं.

वाशिष्ठीकाठ | मंगळवार, रात्री ९:२०

आज जाऊन पाहिलं. दोन मशिन विंडोज ७ ची, बाकी १०. त्या दोघांवर कोणाला बसवत नाही, पोरं जोडीने बसतील. बाकी सगळीकडे ५.२, ती दीर्घ मुदतीची आवृत्ती आहे आणि तिला एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. सहाच्या आवृत्तीचा मोह नको, मुलांनी घरी दोन वर्षं वापरली तरी हरकत नाही अशी हवी.

साचा या रविवारी तयार होईल. तांडेलकाकांचं भरतीचं पान, मग वही. दोनच मॉडेल आणि रिकामा युजर.

माडाखालचो

होमस्टे इसरू नका हां.

रातांबा

सर, एक शेवटचं. वर्गात केलेलं घरी न्यायचं असेल तर पूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी केलं तर चालेल ना? आमच्याकडे सगळे तसंच करायचे आणि घरी चालायचं नाही.

वाशिष्ठीकाठ

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं फोल्डर सोडून बाकी सगळं न्यायचं. त्या फोल्डरात लॅबच्या मशिनचे पत्ते लिहिलेले असतात, दुसरीकडे ते लागू पडत नाहीत. घरी नवं बनवायचं आणि पेन ड्राइव्हवरच्या फाइलींतून जँगो परत इन्स्टॉल करायचं. आणि एसक्यूलाइटची फाइल कॉपी करताना सर्व्हर आधी कंट्रोल सीने बंद करायचा. हेही 'चुका' फाइलीत टाकतो.